चव्वेचाळीस न धुतलेली छपरं

पांढरेमामांचं खरं नाव मला पहिले चार महिने माहीत नव्हतं. हजेरीच्या कागदावर ते होतं, त्याच्यापुढे मी रोज खूणही करत होते, पण वाचायची तसदी कधी घेतली नाही. नंतर वाचलं. त्या नावाने वस्तीत हाक मारली तर कुणी मान वळवून बघणार नाही, म्हणून इथेही ते पांढरेमामाच.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी रंगकाम केलं. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, चपलेच्या पट्ट्यांवर कायम पांढरे शिंतोडे. केस मात्र काळेभोर, आणि याची त्यांना स्वतःलाच मौज वाटायची. "सगळा माणूस पिकला, डोकं तेवढं कच्चं राहिलं," म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरल्या विधवा बहिणीबरोबर, अक्कांबरोबर, ते वस्तीच्या तोंडाशी दोन खोल्यांत राहत. अक्का दिवसभर डाफरायच्या, मामा दिवसभर "बरं" म्हणायचे, आणि शेवटी करायचे ते स्वतःच्याच मनाचं.

मी प्रकल्पाची माणूस. वाढत्या उष्णतेशी गरीब वस्त्यांनी कसं जुळवून घ्यावं, यासाठी बाहेरच्या देशांतून मदत आली होती. आमच्या वाट्याला आलं ते एकशे चाळीस पत्र्याच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग लावण्याचं काम. रंग लावण्याआधी आणि नंतर घराच्या आतलं तापमान मोजायचं, कागद भरायचे आणि वरच्या ऑफिसला अहवाल पाठवायचा, ही माझी नोकरी. गळ्यात तापमापक अडकवून फिरायची म्हणून लोक मला मीटरताई म्हणत. कागदावर या सगळ्याला अनुकूलन असा भारदस्त शब्द होता. तो मी मामांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ऊन त्यांनी वाढवायचं आणि छपरावर आम्ही चढायचं. असू दे. रंग चांगला पाठवलाय, आपण नीट लावू."

नीट लावणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडून शिकले. कुठल्याही घराचं काम घेतलं की मामा आधी आत जायचे आणि चक्क जमिनीवर उताणे पडायचे. दार बंद करायला लावायचे. अंधारात पत्र्याला जिथे जिथे भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसायचा. मामा पडल्या पडल्या ठिपके मोजायचे, मग काठीला बांधलेल्या खडूने त्यांच्याभोवती गोल काढायचे. घरातली पोरं पहिल्यांदा घाबरायची आणि मग त्यांच्या शेजारी ओळीने आडवी व्हायची. भोकं बुजवून झाली की तारेच्या ब्रशाने गंज घासायचा, पत्रा पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला हात, दुपारनंतर दुसरा. पत्रा वाळला की नाही हे ते गाल टेकवून बघत. "हाताला कळत नाही, हात निबर झाला," असं त्याचं कारण.

त्यांचे दोन जोडीदार होते, दोघेही पन्नाशीचे. तिघे मिळून दिवसाला चार छपरं, त्यावर एक नाही. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "मामा, जरा हात चालवा." ते म्हणाले, "हात चालतोच आहे. वाळायला लागतो तो वेळ माझा नाही, पत्र्याचा आहे."

फरक मात्र दिसत होता. वस्तीच्या मधल्या गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची, मी तिला वहिनी म्हणायची. अर्धांगवायूने आजारी असलेले तिचे सासरे दिवसभर खाटेवर, आणि खाटेला लागून तिचं मशीन. तिच्या घरात भर दुपारी मी बेचाळीस मोजले होते. तिचं छप्पर अजून व्हायचं होतं. शेजारचं रंगवून झालं होतं आणि तिथे अडतीस भरले. चार अंश म्हणजे काय, हे थंड खोलीत बसणाऱ्याला सांगून कळणार नाही. वहिनी दुपारी सासऱ्यांना उचलून शेजारच्या घरी न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. मला रोज विचारायची, "आमचा नंबर कधी?"

शहाण्णव छपरं झाली आणि ऑफिसातून निरोप आला: मदत देणाऱ्यांचे पाहुणे नऊ दिवसांनी येणार, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस छपरं तयार हवीत. तसं आधीच कळवलेलं आहे. कळवलं कोणी? मीच. मागच्या महिन्याच्या अहवालात "काम पूर्णत्वास" असं मी लिहून मोकळी झाले होते, कारण सगळे तसंच लिहितात.

मी मामांना गाठलं तेव्हा ते वहिनीच्या दारात शिडी लावत होते. नऊ दिवस आणि चव्वेचाळीस घरं, हे मी सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"छत्तीस होतील. आठ पाहुणे गेल्यावर करू."

"आठ राहून चालणार नाहीत. घासणं, धुणं सोडा. नुसतं झाडून घ्या आणि एकच जाड हात द्या."

"ताई, धुतल्याशिवाय रंग पत्र्याला धरत नाही. धुळीला धरतो. धूळ गेली की रंग गेला."

"लगेच जातो का?"

"लगेच नाही जात."

"मग झालं. पुढचं पुढे बघू."

ते शिडीवर चढले आणि वरून परत तेच सांगू लागले. पत्रा, गंज, धूळ. ऊन माझ्या डोक्यात चढलं होतं आणि वरच्या साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते. मी खाली उभी राहून, मान वर करून, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रोजावर काम करणाऱ्याला काम संपायची घाई कशाला असेल? लांबवायला काहीतरी कारण हवंच."

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. मी ते कौतुक समजत आले होते.

मामांनी तारेचा ब्रश जोडीदाराच्या हातात देऊन खाली पाठवला आणि झाडू मागून घेतला. त्या दिवशी ते कुठल्याही घरात उताणे पडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सहा दिवसांत चव्वेचाळीस छपरं पांढरीधोप झाली. मी उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळ्या मुकाट्याने पुढे चालत होत्या.

प्रत्येक घराचा एक कागद असायचा. त्यात तीन प्रश्न: पत्रा घासला का, धुतला का, वाळला का. खाली तपासणाऱ्याची सही. चव्वेचाळीस कागद मी ऑफिसात पंख्याखाली एका बैठकीत भरले. होय, होय, होय आणि सही. मधे एकदा चहा झाला.

पाहुणे आले. शाळेच्या गच्चीवरून त्यांना वस्ती दाखवली. खाली पांढऱ्या छपरांची गल्लीमागून गल्ली, डोळे दिपतील अशी. टाळ्या वाजल्या, फोटो झाले. त्यांतल्या एका वयस्क बाईंना काम करणाऱ्या माणसाला भेटायचं होतं. मामांना पुढे आणलं. त्यांनी हात पँटला तीनदा पुसून मग बाईंच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, हा रंग किती दिवस टिकेल? भाषा बदलून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. मी प्रश्न मामांना सांगितला.

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पत्रा धुतला असेल तर पाच वर्षं."

मी बाईंकडे वळून सांगितलं, "पाच वर्षं."

मामांना ती भाषा येत नव्हती. पण वाक्य किती लांबीचं असायला हवं होतं, एवढं कुणालाही कळतं. ते खाली बघत मागे सरकले आणि फोटोत आले नाहीत.

सातव्या आठवड्यात रंग सुटायला लागला. आधी कडा वर आल्या, मग दुधावरची साय ओढावी तसे पापुद्रे निघू लागले. वाऱ्याने ते गल्लीभर उडायचे, पाण्याच्या पिंपांत पडायचे. न बुजवलेल्या भोकांतून वहिनीच्या मशीनवर, शिवायला घेतलेल्या कपड्यांवर पडायचे. आधीच्या शहाण्णव छपरांना काहीही झालं नव्हतं. चव्वेचाळीस तेवढी सोलून निघाली. मी वहिनीच्या घरात जाऊन तापमान मोजलं, बेचाळीस. त्याच आठवड्यात तिचे सासरे दुपारी बेशुद्ध झाले आणि दोन दिवस दवाखान्यात राहिले. छप्पर रंगवलंय म्हणून वहिनीने त्यांना शेजारी न्यायचं बंद केलं होतं. शेजारचेही कुरकुर करायला लागले होते, आता तुमचंही झालंय ना म्हणून.

मी दवाखान्यात भेटायला गेले होते. फळं घेऊन. हे सांगायचीही लाज वाटते, पण गेले होते. वहिनीने खुर्ची पुढे केली आणि मी बसले.

मग सभा झाली. वरच्या ऑफिसातले साहेब आले, शाळेच्या हॉलमध्ये वस्तीतली माणसं जमली. साहेबांच्या समोर माझे चव्वेचाळीस कागद होते. त्यांनी ते चाळले आणि म्हणाले, "कागदावर तर सगळं व्यवस्थित आहे. घासलं, धुतलं, वाळवलं. मग हे झालं कसं?"

मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी समोरच्या ग्लासावरचं झाकण नीट बसवत राहिले. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, यांना काय ठाऊक असणार.

मागच्या रांगेतून मामा उठले. "पत्रे धुतले नव्हते, साहेब. चूक माझी."

"का नाही धुतले?"

"घाई केली."

"आणि या बाईंना धुतले म्हणून सांगितलंत?"

"त्यांचा काही दोष नाही," मामा एवढंच म्हणाले.

आपल्याला काय वाटलं ते माणूस सहसा खरं सांगत नाही, पण मी सांगते. मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. मामा किती मोठ्या मनाचा माणूस आहे, मला पाठीशी घातलं, असं मनात आलं आणि डोळे भरूनही आले. ते अश्रू मला स्वतःला फार चांगले वाटले.

साहेबांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. मामांना कामावरून कमी केलं. पुढच्या टप्प्यात सहाशे छपरं होती, त्या कामावर मुकादम म्हणून त्यांचंच नाव ठरलं होतं. ते कापलं. आणि रंग आता तीसच घरांना पुरेल, कोणती तीस ते ताई यादी करून ठरवतील, असंही सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी पहिल्या रांगेत बसून पाहिली. चोराच्या हातात वर यादीही दिली.

अठ्ठावीस वर्षांत कुणी मामांच्या कामाकडे बोट दाखवलं नव्हतं. आता बाजूच्या वस्तीत ते काम मागायला गेले तर तिथल्या माणसाने विचारलं, "तेच ना तुम्ही, ते पापुद्रेवाले?" हे मला अक्कांनी सांगितलं. रस्त्यात भेटल्या, थांबवून सांगितलं, आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता निघून गेल्या.

तीन आठवडे मी ते रेटलं. जेवण जाईना. गल्लीतून जाताना मी जास्तच हसून चौकशी करायला लागले: पोरं कशी आहेत, पाणी आलं का, सासरे बरे आहेत ना. लोक उत्तरं द्यायचे, बसायला द्यायचे. शेवटी एका सकाळी मी साहेबांना पत्र लिहून दिलं. पत्रे न धुण्याचा हुकूम माझा, कागद खोटे भरले मी, मामांचा दोष नाही.

साहेबांनी पत्र वाचलं, दार लावून घेतलं. "कशाला उकरून काढताय? विषय मिटलाय. तुमच्या सहीचा प्रश्न येईल, मग माझ्याही सहीचा येईल." पत्र त्यांनी घडी घालून खणात टाकलं. मी वाद घातला नाही. उलट जिना उतरताना मला दुसऱ्यांदा हायसं वाटलं. आपण सांगून टाकलं, आता पुढचं त्यांच्यावर. असा माझा स्वभाव आहे, तो मला चाळिसाव्या वर्षी कळला.

तिथून मी तडक मामांकडे गेले. पत्राची नक्कल पर्समध्ये होती. ती त्यांना दाखवावी, त्यांनी "जाऊ द्या ताई" म्हणावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. अक्का दारात धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छपरावर आहे. मशीनवालीच्या."

"काम मिळालं?"

"कसलं काम? पत्रे घासतोय. फुकट. पंधरा झालेत."

वहिनीच्या छपराला शिडी लावलेली होती. मी चढले. आयुष्यात पहिल्यांदा चढले. पाच महिने त्या छपरांचे अहवाल लिहिले, पण पाय कधी ठेवला नव्हता. मामा उकिडवे बसून तारेच्या ब्रशाने पापुद्रे आणि गंज काढत होते. बाजूला पाण्याची बादली. सकाळचे नऊ वाजले होते आणि पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

"मामा, हे कशाला?"

"रंग कुणीही लावो. खाली पत्रा तरी स्वच्छ पाहिजे. नाहीतर परत तेच."

मी पत्र काढलं, सगळं सांगितलं. साहेबांना काय लिहिलं, ते काय म्हणाले. मामा ऐकत होते, हात चालू होता. माझं बोलून झालं तेव्हा ते थांबले.

"वस्तीत सांगितलंत?"

"नाही."

"साहेबांना मी कोण? कागदावरचं एक नाव. तेही ते विसरले असतील." त्यांनी ब्रश पत्र्यावर आपटून झटकला. "ज्यांच्या डोक्यावर मी चढलो, त्यांना काय सांगितलंत, ते विचारतोय."

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही, पुन्हा घासायला लागले. मी उठले तेव्हा म्हणाले, "उतरताना तिसरी पायरी जपून. हलते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, तेवढं मला येतं.

खाली उतरले ते सरळ वहिनीच्या दारात. ठरवलं, चव्वेचाळीस घरं, आणि सुरुवात इथून. वहिनी मशीनवर होती. कपड्यांवर तिने जुनी चादर पसरली होती, वरून पडणाऱ्या भुग्यासाठी. सासरे खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. वरून ब्रशाची खरखर येत होती. मी बसले नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, पत्रे धुऊ नका असं मामांना मी सांगितलं होतं. ते नको म्हणत होते. दोष त्यांचा नाही, माझा आहे. तुमच्या सासऱ्यांना जे झालं तेही माझ्यामुळे."

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"माहीत आहे, ताई."

"मामांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? तुम्ही इथेच दारात उभ्या राहून बोललात. पत्र्याचं घर आहे, सगळं आत येतं. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. रोजावरचं काम, लांबवायला कारण, ते सगळं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे दवाखान्यात तिने खुर्ची दिली तेव्हा तिला माहीत होतं. गेले तीन आठवडे मी हसून चौकशी करत फिरत होते आणि दारादारातून माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मग सभेत कोणी बोललं का नाही?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, या वेळीसुद्धा.

वहिनीने सासऱ्यांकडे एकदा बघितलं. "मामा आदल्या दिवशी घरोघर येऊन गेले. म्हणाले, उद्या कोणी तोंड उघडायचं नाही. परत रंग द्यायचा झाला तर यादी नेहमीसारखी ताईच करणार. त्यांना राग आला तर ज्याने तोंड उघडलं त्याचं घर राहून जाईल, मग उन्हाळा कसा काढाल? मी माझ्यावर घेतो, माझं काय, मी कुठेही भिंती रंगवीन."

वरची खरखर चालूच होती. मामांनी मला पाठीशी घातलं, असं मी तीन आठवडे समजत होते. त्यांनी मला वाचवलं नव्हतं. माझ्या तावडीतून या माणसांना वाचवलं होतं.

वहिनी उठून उभी राहिली होती. बोलून गेल्यावर तिला काहीतरी सुचलं असावं, कारण चेहरा बदलला. चादरीचं टोक ती बोटांत चुरगाळायला लागली.

"ताई, तुम्ही विचारलंत म्हणून बोलले मी. मनात काही नाही माझ्या." तिने आवाज अगदी खाली आणला. "आमचं नाव राहील ना यादीत?"

"राहील," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. तिने मला पाणी आणून दिलं, मी पिईपर्यंत समोर उभी राहिली, आणि पुन्हा तेच विचारलं.